शिफ्ट आणि दोन

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

घरातला लॅपटॉप दिवाळीतच गेला. दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड, म्हणजे नवाच घ्या. म्हटलं बघू. तर आज चिरंजिवांच्या खोलीतलं कपाट आवरताना ड्रॉवरमध्ये एक हिरवं सर्किट सापडलं, पत्त्यांच्या कॅटएवढं, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेलं. फोटो काढून बंगलोरला पाठवला, भंगारात देऊ का म्हणून, तर मिनिटात फोन. "आई, टाकू नको, तो कॉम्प्युटर आहे."

अरे कॉम्प्युटर कुठंय यात, डबा नाही, बटण नाही, हार्ड डिस्क नाही. तर म्हणे रास्पबेरी पाय आहे, चौथं मॉडेल, फायनल इयरच्या प्रोजेक्टला घेतलेला. (पैसे आम्हीच दिले होते, तेव्हा 'प्रोजेक्टचं मटेरियल' एवढंच सांगितलेलं, ते आत्ता कळलं.) "तुला मेल बघायचा, यूट्यूब बघायचं, मग हाच लाव की टीव्हीला."

लाव की म्हणायला काय जातंय. पोवई नाक्यावर तीन दुकानं फिरले. याचं एचडीएमआयचं भोक साध्या वायरीचं नाही, मिनी पण नाही, मायक्रो, आणि पहिल्या दुकानदारानं छातीठोकपणे मिनीच दिली. मग ३२ जीबीचं मेमरी कार्ड, कारण हार्ड डिस्कच्या जागी तेच, मोबाईलमधलं असतं तेवढंसं. आणि त्या कार्डावर सिस्टीम चढवायला दुसरा कॉम्प्युटर पाहिजे! म्हणजे विरजण लावायला आधी दही पाहिजे तसली गत. शेवटी शेजारची मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन आली, "काकू पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाली, अर्धा तास बसली, थालीपीठ खाऊन गेली. कार्ड तयार आहे. उद्या बघू.

रविवार

चालू झाला!! बटण नाहीच याला, वायर खोचली की चालू. लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकायला लागला, टीव्हीवर आधी सप्तरंगी चौकोन आणि मग चक्क डेस्कटॉप. ह्यांनी पेपर बाजूला ठेवून बघितलं, म्हणजे बघा.

पण वरच्या कोपऱ्यात सारखी विजेची खूण यायला लागली. मला वाटलं शॉर्ट होतंय की काय, ओढली वायर. तर ते कमी व्होल्टेजचं. मी मोबाईलचा जुना चार्जर लावला होता. याला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो, आणि आत येणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो अशी खूण दाखवतो. आणि वायर अशी ओढायची नाही म्हणे, कार्ड खराब होतं, आधी मेनूतनं शटडाउन, मग हिरवा दिवा थांबेपर्यंत वाट बघायची, मग भिंतीवरचं बटण बंद. फोनवर ओरडलाच माझ्यावर. पूर्वी मी त्याला मिक्सरवरनं ओरडायचे तसंच अगदी.

मंगळवार

नवीन चार्जर आला, वीज गेली (म्हणजे ती खूण).

आज मराठी बातम्या उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांसारखे ओळीनं. फॉन्ट टाकायला लागले. त्यासाठी ती काळी खिडकी उघडायची, टर्मिनल, आणि आदेश हातानं टाईप करायचा. सुरुवातीला 'सुडो' लिहायचं. म्हटलं हे काय, तर म्हणाला नुसता आदेश दिला तर ऐकत नाही, अधिकार असलेल्यानं दिला असं सांगावं लागतं. हे मात्र मला लगेच समजलं, बँकेत तीस वर्षं दुसरं काय केलं, आपण एंट्री टाकायची आणि ऑफिसरनं पास करायची. इथं क्लार्क पण मीच, साहेब पण मीच. एंटर दाबताना जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवार

डोकं फिरलंय. मेलचा पासवर्ड घेत नाही. चार वेळा टाकला, एकेक अक्षर तोंडानं म्हणत. पाचव्यांदा टाकला तर खातं लॉक होईल ही बँकेतली भीती, म्हणून सोडून दिलं. वर घड्याळ पण चुकीचं, दुपारी दोनला साडेआठ दाखवतंय.

बुधवारच, पण रात्री

सापडलं. झोप येईना म्हणून उठले. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात ना, म्हणून साध्या नोटपॅडसारख्या खिडकीत तोच टाईप करून बघितला. त्यात एक ॲट आहे, शिफ्ट दाबून दोन. तर ॲट येतच नाही, अवतरणचिन्ह येतंय! मग पुढची सगळी दाबून बघितली, शिफ्ट आणि तीनला हॅशच्या जागी पौंड. रुपया नाही, डॉलर नाही, पौंड. साताऱ्यात.

रविवारी सुरुवातीला मशीन काय काय विचारत होतं तेव्हा मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेले, त्यात देश युनायटेड किंगडम होता तो तसाच राहिला. म्हणजे तीन दिवस हा बिचारा लंडनमध्ये होता. घड्याळ साडेपाच तास मागं तेही म्हणूनच. देश बदलला, कीबोर्ड बदलला, मेल उघडला. चूक माझीच.

पण ते नाही लिहायचंय मला. शिफ्ट आणि दोनला अवतरणचिन्ह, हे बोटांना कुठंतरी माहीत होतं. गंमत म्हणजे तीस वर्षांत बँकेतल्या कुठल्याच मशीनवर तसं नव्हतं.

गुरुवार

आठवलं. पोळ्या लाटताना आठवलं.

आठवीत होते, १९८५. सरकारचा 'क्लास' म्हणून प्रोजेक्ट सुरू झाला होता आदल्या वर्षी, त्यात शाळांना कॉम्प्युटर दिले होते, बीबीसी मायक्रो. आमच्या शाळेत प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत ठेवलेले, चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. एका मशीनला आम्ही पाच पोरी. भला मोठा कीबोर्ड, आणि तोच कॉम्प्युटर, सगळं त्याच्या पोटात. वर लाल बटणांची रांग. चालू केला की एक विशिष्ट आवाज यायचा, घरघर आणि टुक. मेमरी ३२ केबी. केबी! काळ्या स्क्रीनवर एक कंस आणि त्याच्यापुढं लुकलुकणारी रेघ, बास. आपण काहीतरी लिहीपर्यंत तो काही करायचा नाही. बेसिक नावाच्या भाषेत लिहायचं, आणि प्रिंट (म्हणजे स्क्रीनवर दाखव) लिहून झालं की अवतरणचिन्ह, शिफ्ट आणि दोन.

फोन केला लगेच. तर तो हसायलाच लागला. म्हणाला आई, तुझ्या त्या मशीनचा हा नातूच आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं ते बीबीसी मायक्रो बनवलेलं. त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवीन प्रोसेसर तयार केला, एकॉर्न रिस्क मशीन, त्याच्याच आद्याक्षरांचं आर्म. पहिली चिप हातात आली २६ एप्रिल १९८५ ला. म्हणजे आमची सातवी संपून सुट्टी लागली होती तेव्हा. आज आपल्या फोनमध्ये पण तीच जात, आणि या हिरव्या पट्टीतही. रास्पबेरी पाय पण केंब्रिजचाच, २९ फेब्रुवारी २०१२ ला विकायला आला, ३५ डॉलरला, पोरांनी मोडतोड करून शिकावं म्हणून. काढणारा एबन अप्टन स्वतः लहानपणी बीबीसी मायक्रोवर शिकलेला, म्हणून तर मॉडेलची नावं पण तीच ठेवली, ए आणि बी.

एक किस्सा सांगितला त्यानं. त्या पहिल्या चिपला वीज किती लागते ते मोजायला फर्बरनं मीटर लावला तर काटा शून्यावर, आणि चिप आपली मजेत चालू. बघतात तर पॉवरची वायर जोडलीच गेली नव्हती, बाकीच्या पिनांतून जी चोरटी वीज येत होती तेवढ्यावर ती चालली होती. आणि इथं नातवाला चार्जर जरा कमी पडला की वीज चमकते. हे म्हणाले, सगळ्या घरात असंच असतं.

बँकेत लागले १९९४ ला तेव्हा लेजर पोस्टिंग मशीन (खात्यांच्या नोंदी टाकायचं) होतं, मग विंडोज आलं, मग सगळं सर्व्हरवर गेलं. रोज आठ तास पुढ्यात कॉम्प्युटर, पण एकदाही आपण काही लिहिलं आणि त्यानं ते केलं असं झालं नाही. रकाने भरले. टर्मिनलमध्ये आज हळूच '१० प्रिंट' लिहून बघितलं. म्हणाला, दहा नावाची कमांड सापडत नाही.

शनिवार

दुसरं कार्ड आणलं. याची मजा ही की कार्ड बदललं की कॉम्प्युटरच बदलतो, पूर्वी टेपमध्ये कॅसेट बदलायचो तसं. शेजारची मुलगी परत आली (आज साबुदाणा वडा), तिच्याकडून कार्डावर रिस्क ओएस चढवून घेतलं. एकॉर्नचीच सिस्टीम, १९८७ मधली, अजून लोक सांभाळून आहेत आणि पायवर चालते. विचित्र आहे सगळं. मेनू वर नाही, खाली नाही, माऊसचं चाक दाबलं की येतो. नेट लागलं नाही. मला नकोच होतं.

एफ बारा दाबायचं, खाली एक ओळ उघडते, तिथं बेसिक लिहायचं. लिहिलं. आणि आला, तोच. कंस आणि लुकलुकणारी रेघ.

हात थोडे थरथरले, थंडी पण होती म्हणा. लिहिलं प्रिंट. एंटर. तर उत्तर आलं, 'मिस्टेक'. बाकी एक शब्द नाही, लाल पेनवाल्या बाईंसारखं. मग आठवलं, कॅपिटलमध्ये लागतं. परत लिहिलं, दहा प्रिंट, शिफ्ट आणि दोन, यावेळी अवतरणचिन्हच पाहिजे होतं आणि तेच आलं. मग माझं नाव. मग परत शिफ्ट आणि दोन. वीस गोटू दहा, म्हणजे परत दहावर जा. रन.

सगळी स्क्रीन भरली, टीव्ही आपला बत्तीस इंची, वरून खाली धो धो नाव. ह्यांनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं, बराच वेळ बघत होते, आणि म्हणाले, "आडनाव चुकलंय तुझं."

खरंच की. माहेरचं लिहिलं होतं.