व्हॅन डी ग्राफ जनित्र: डोम तयार, पट्ट्याआधीची मोजणी

या जनित्रात फिरता पट्टा विद्युत प्रभार वर नेतो आणि तो धातूच्या पोकळ गोलावर, म्हणजे डोमवर, साठतो. दिवाळीनंतर कोल्हापूरची हवा कोरडी झाली आणि डोमवर प्रभार टिकू लागला. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकच्या आधारनळीवर दमटपणा धरतो, त्यावरून प्रभार जमिनीत उतरतो. म्हणून सगळी मोजणी थंडीसाठी राखून ठेवली होती. डोम म्हणजे स्टीलची दोन अर्धगोल भांडी, त्रिज्या १५ सेंमी. खालच्या भांड्याला उद्यमनगरात भोक पाडून कड आत वळवून घेतली. काम देखणं झालंय. बोट फिरवलं तरी कड हाताला लागत नाही.

पट्टा अजून बसवलेला नाही. आधी डोम लहान उच्चदाब पुरवठ्यावर १० किलोव्होल्टला ठेवला, मध्ये मोठा रेझिस्टर घालून. या गोलाचा कपॅसिटन्स (दर व्होल्टला मावणारा प्रभार) साधारण १६.७ पिकोफॅरड, म्हणजे त्यावर १६७ नॅनोकूलोम. चाचणीला १ सेंमी त्रिज्येची बेअरिंगची गोळी अ‍ॅक्रिलिकच्या दांडीवर चिकटवली. तिच्यावरचा प्रभार १० नॅनोफॅरडच्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरवर उतरवायचा आणि सीए ३१४० ऑप-अँपमधून (जवळजवळ प्रवाह न ओढणारी वर्धक चिप) मीटरवर वाचायचा. नुसता मल्टिमीटर लावला तर कपॅसिटर वाचण्याआधीच रिकामा होतो.

आता खरी मजा. गोळी डोमला बाहेरून टेकवली की ०.१२ व्होल्टच्या आसपास वाचन येतं. तीच गोळी २ मीटर लांब ठेवून बारीक तारेने डोमला जोडली, तार जोडलेली असतानाच दांडीने सोडवली, की वाचन एक व्होल्टच्या जवळ जातं! डोम तोच, विभव (व्होल्टेज) तोच, आणि फरक आठ-नऊ पटींचा.

कारण टेकवलेली गोळी विभव मोजत नाही, त्या जागची प्रभाराची घनता मोजते. मोठ्या गोलाला टेकलेल्या अगदी लहान गोळीवरची सरासरी घनता मोठ्या गोलावरच्या घनतेच्या π²/६ पट, म्हणजे सुमारे १.६४ पट भरते. डोमच्या सावलीत असल्यामुळे ती याहून जास्त घेऊच शकत नाही. लांबची गोळी मात्र डोमच्या विभवाला येईपर्यंत भरते, आणि तिचा प्रभार त्रिज्येच्या प्रमाणात असतो. नेमकं १.१ व्होल्ट येत नाही, कारण २ मीटरवरही डोममुळे साडेसातशे व्होल्टचा विभव असतोच. गोळी तेवढा प्रभार कमी घेते.

मग भोकातून गोळी आत नेली आणि आतल्या भिंतीला टेकवली. वाचन शून्य. तार त्याच आतल्या जागी जोडून लांबच्या गोळीला लावली, तर पुन्हा तेच एक व्होल्टच्या जवळचं वाचन. आतल्या पृष्ठावर प्रभार नाही, विभव मात्र पुरता १० किलोव्होल्ट. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं, पण आपल्या मीटरवर बघताना अंगावर काटा आला.

१९२९ साली व्हॅन डी ग्राफ यांनी प्रिन्स्टनला पहिलं यंत्र चालवलं, तेही याच गोष्टीच्या जोरावर. आत उतरवलेला प्रभार, डोम कितीही भारलेला असो, बाहेरच्या पृष्ठावर जातो. हवेची सहनशक्ती मीटरला ३० लाख व्होल्ट धरली, तर या डोमची मर्यादा ४,५०,००० व्होल्ट. भोक आणि आधार धरता प्रत्यक्षात बरीच कमी मिळेल.

भोकाच्या कडेजवळ गोळीला थोडा प्रभार मिळतो, वर सरकवत नेलं की मिळेनासा होतो. ती उंची नळीवर पेनने आखून ठेवली आहे. वरचा कंगवा, म्हणजे पट्ट्यावरचा प्रभार डोमला देणारे धातूचे दाते, त्याच्याही वर बसवणार.