भुरीला घेऊन द्राक्षबागेत

नाशिकच्या द्राक्षाच्या पट्ट्यात जाताना आपल्या कुत्रीचं नाव भुरी नसावं. आमच्या कुत्रीचं आहे. गंगापूर धरणाच्या अलीकडे गाडी उभी केली, दार उघडलं, बाईसाहेब उडी मारून थेट बांधावर, आणि मी मागून ओरडतेय, "अरे धरा, भुरी शिरली बागेत!" घड तपासत बसलेले एक काका दचकून उभेच राहिले. द्राक्षवाल्यांच्या भाषेत भुरी म्हणजे पानांवर, घडांवर पिठासारखी पांढरी बुरशी चढवणारा रोग. ही राखाडी, हडकुळी भुरी पाहिल्यावर मात्र ते जे हसले! "मांजर पाळलंत तर तिचं नाव डावणी ठेवा, ताई." डावणी हा दुसरा रोग. मांजर आहे आमच्याकडे, पण तिला पुण्यात शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. मांजरीचा जीव माणसांपेक्षा जागेत जास्त. तिला तीन दिवस हलत्या डब्यात कोंडण्यात अर्थ नाही.

आमची गाडी ९१ सालची मॅटाडोर. लोक कौतुकाने व्हिंटेज म्हणतात, पण कायद्यात त्या शब्दासाठी ५० वर्षं पुरी व्हावी लागतात. आमची नुसतीच म्हातारी. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, एवढं सांभाळलं की चालते. आतला बिछाना प्लायच्या सुट्या खोक्यांवर केलाय, उचलून बाहेर काढता येईल असा. गाडीत कायमचा बदल केला तर तो आरसी बुकात चढवावा लागतो, आणि तेवढे खेटे घालायची माझी तयारी नाही.

पुणे ते नाशिक साधारण २१० किलोमीटर. आम्हाला आठ तास लागले. चाकण उजाडायच्या आत ओलांडा. गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधे असल्याने कोंडीत सापडलं की चालवणारीच्या डाव्या मांडीला शेक बसतो, आणि कुत्रीची जीभ तोंडात मावत नाही. चंदनापुरी घाटात काटा लालवर गेला. दोष माझाच. रेडिएटरचा होज पाइप फुगलेला दिसत होता आणि मी "आल्यावर बदलू" म्हटलं होतं. अर्धा तास सावलीत थांबलो. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. जवळ होज, फॅन बेल्ट, क्लच केबल आणि पिण्याव्यतिरिक्त दहा लिटर पाणी हवंच. संगमनेरला एका जुन्या गॅरेजात पाऊण तासात काम झालं. डिझेलमध्ये हवा धरली होती तीही मेकॅनिकने न सांगता काढली. असल्या गाडीला शहरातल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरपेक्षा हमरस्त्यावरचा पन्नाशीचा मिस्त्री बरा.

वाटेत नारायणगाव लागतं. आज सगळे नाशिकचंच नाव घेतात, पण १९८०च्या दशकात बुडबुड्यांची वाइन या बाजूला तयार होत होती. नाशिकला सुला ही वाइन कंपनी आली ती नंतर, नव्वदचं दशक संपताना.

जायचं तर जानेवारी ते मार्च. वाइनच्या द्राक्षांची तोडणी तेव्हाच असते. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, असं वेलीचं वर्ष चालतं. पावसाळ्यात गेलात तर नुसता पाला बघाल. आम्ही फेब्रुवारीत गेलो. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी बारानंतर बंद गाडी भट्टी होते. काच चार बोटं खाली ठेवल्याने काही फरक पडत नाही, तेव्हा कुत्र्याला गाडीत सोडून वायनरीत वाइनची चव घ्यायला जायचं नाही. आम्ही पाळी लावली. तसाही एका ठिकाणी फोनवर "कुत्रा चालेल" म्हणाले आणि फाटकावर नाही म्हणाले. होकार व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचे असतील तर कुत्र्याला सोबत नेऊ नका, ते अभयारण्य आहे.

चालवणारी मी, त्यामुळे मी प्रत्येक घोट तोंडात घोळवून थुंकला. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पाचसहा प्याले 'चाखून' ती सहज ओलांडते. पांढरी शेनिन ब्लांक मला आवडली, लाल शिराज नवऱ्याला. बाटल्या घेतल्यात तर गाडीत इंजिनपासून लांब, ओल्या पोत्यात आडव्या ठेवा. इथल्या कितीतरी बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर, म्हणजे ज्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात त्यावर, उभ्या आहेत हे कळल्यावर नवऱ्याने तीन दिवस त्यावर विनोद केले. ते इथे देत नाही.

आता खरं सांगायचं ते. द्राक्ष, मनुका, बेदाणा कुत्र्याला विषारी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या शेडमध्ये घड निवडायचं काम चालू होतं, खाली मणी सांडलेले. पट्टा माझ्या हातात, पण ढिला. भुरीचा जबडा हलताना दिसला. तोंडात बोट घातलं तर एक चिरडलेला मणी निघाला. आधी किती गेले होते देव जाणे. काका म्हणाले, "आमची कुत्री बागेतच वाढतात, काही होत नाही." ते खोटं नव्हते बोलत. काही कुत्र्यांना खरंच काही होत नाही, काहींची मूत्रपिंडं थोड्या मण्यांतही निकामी होतात, आणि आपलं कुत्रं कुठल्या गटातलं हे आधी कळायला मार्ग नाही. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे, चिंचेत असतं तेच.

चाळीस मिनिटांत नाशिकला डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी औषध देऊन उलटी करवली आणि त्यात चार सालं मोजली. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानेच कुत्री दगावतात. दोनेक तासांच्या आत डॉक्टर गाठणं महत्त्वाचं, म्हणून निघण्याआधीच जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि रविवारची वेळ लिहून घ्या. आम्ही घेतली नव्हती, काकांच्या मुलाने फोनाफोनी केली. बागेत पट्टा आखूड धरा. फवारणी कधी झाली ते विचारा आणि गाडीत घेण्याआधी पंजे धुवा.

वाइनचा उरलेला कार्यक्रम रद्द करून परत फिरलो. मूत्रपिंडाचं नुकसान कळायला दोन-तीन दिवस लागू शकतात, म्हणून पुण्यात दोनदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, मूत्रपिंडं नीट चालतायत का ते त्यावरून कळतं. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. निघताना काकांनी प्रेमाने पेटीभर द्राक्षं दिली होती. ती घरात न आणता जिन्यातूनच काकूंच्या हवाली केली, मांजर सांभाळल्याबद्दल.