‘राजवाडा आज बंद आहे’: साताऱ्याहून बँकॉकला जाणाऱ्यांसाठी

साताऱ्यात राजवाड्यावर जायला कुणाला काही विचारावं लागत नाही. बँकॉकच्या राजवाड्याच्या भिंतीपाशी मात्र न विचारता सांगणारे भेटतात. चार दिवसांची फेरी, आठ माणसं, त्यात दोघं माळकरी. विमान वेळेवर, हॉटेल ठीक, हवा दमट. या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते त्या भिंतीलगतच्या एक-सव्वा किलोमीटरबद्दल. ज्याच्याकडून तिकिटं काढली त्या टूरवाल्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि हे न सांगणं माफ करण्यासारखं नाही.

‘सनाम चाय’ हे भुयारी मेट्रोचं निळ्या मार्गावरचं स्टेशन. नकाशात तेच जवळचं दिसतं, म्हणून बहुतेक जण तिथं उतरतात. बाहेर पडून उत्तरेकडे चालू लागलं की डाव्या हाताला आधी ‘वाट फो’ हे देऊळ आणि मग राजवाड्याची पांढरी भिंत लागते. भिंतीत दारं आहेत आणि ती बंद आहेत. खरोखर बंद, कारण परदेशी पाहुण्यांना आत सोडतात ते फक्त उत्तरेच्या ‘विसेत चायसी’ दारातून, ना फ्रा लान रस्त्यावर. ठगांचं सगळं कसब या एका गोष्टीवर चालतं. तुम्ही बंद दारापाशी घुटमळता, तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेला गृहस्थ हसत येतो. कुठून आलात, किती दिवस आहात, अशी विचारपूस. मग गंभीर चेहऱ्यानं सांगतो की आज बौद्ध सण आहे, भिक्खूंची पूजा चालू आहे, दुपारी दोननंतर उघडेल. दार समोर बंद दिसतंच आहे, त्यामुळं पटतं.

मग तो खिशातून नकाशा काढतो, त्यावर पेननं दोन-तीन देवळांना गोल करतो आणि सांगतो की तोवर हे बघून या, टुकटुकवाला वीस बाटात तासभर फिरवेल. टुकटुक चार पावलांवर उभीच असते. एक बाट म्हणजे अडीच-तीन रुपये. साठ रुपयांत तासभर रिक्षा? साताऱ्यात पोवई नाक्यावरून एसटी स्टँडला जायचा भाव आठवा, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे हे लगेच कळेल. टुकटुकवाल्याचा पैसा तुमच्याकडून येतच नाही. तो दुकानाकडून येतो: गिऱ्हाईक दहा मिनिटं आत बसवलं की पेट्रोलचं कूपन आणि खरेदी झाली की कमिशन. म्हणून एका देवळानंतर शिंप्याचं दुकान येतं, दुसऱ्या देवळानंतर खड्यांचं. देवळात आणखी एक ‘सहज भेटलेला’ माणूस बसलेला असतो. तोही सांगतो की आज सरकारी निर्यात केंद्रात खड्यांवर करमाफीचा शेवटचा दिवस आहे, मीही घेतले, गावी दुप्पट भावानं विकले. हा त्याच साखळीतला.

खड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: बँकॉकमधून नीलम, माणिक, काहीही आणू नका. खडा बहुधा खराच असतो, पण हलक्या प्रतीचा, आणि किंमत कितीतरी पट लावलेली. प्रमाणपत्र त्या दुकानाचंच. पाकीट सीलबंद करून देतात आणि फोडलं तर हमी जाईल म्हणतात, म्हणजे तिथल्या तिथं दुसऱ्या कुणाला दाखवायची वाट बंद. आपल्याकडचा सराफ तो खडा बघून काय सांगेल याचा विचार पैसे मोजण्याआधी करा. चोवीस तासांत सूट शिवून देणाऱ्यांचंही तेच. एकदाच माप, एकदाच फिटिंग, आणि काखेत ओढतोय हे हॉटेलवर आल्यावर कळतं.

उपाय सोपा आहे. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटखिडकी साडेतीनला बंद होते. परदेशी माणसाला तिकीट 500 बाट. राजघराण्याचा विधी असला तर क्वचित काही भाग बंद ठेवतात, पण ते राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर लिहिलेलं असतं आणि गणवेशातला पहारेकरी दारातच सांगतो. रस्त्यावरचा माणूस कधीच नाही. कुणी थांबवलं तर उत्तरही देऊ नका, हसू नका, चालत राहा. आपल्या माणसांना हे जड जातं, वडीलधारी मंडळी तर हमखास थांबतात, कारण समोरचा आपुलकीनं बोलतोय आणि तोंड फिरवून जाणं बरं दिसत नाही. घरून निघतानाच त्यांना बजावून ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे तो रस्ताच टाळा. स्कायट्रेननं ‘सफान ताक्सिन’ स्टेशनला उतरा, खालीच साथोर्न धक्का आहे. तिथं मुख्यतः दोन तऱ्हेच्या बोटी मिळतात आणि इथंही पर्यटकांना महागडीकडे ढकलतात. निळ्या झेंड्याची ती पर्यटकांची, दिवसाचा पास गळ्यात मारतात. तुम्हाला हवी ती केशरी झेंड्याची, जिच्यातून शाळेची पोरं आणि नोकरदार जातात. भाडं 16 बाट, कुठंही उतरा. कंडक्टर बाईंच्या हातात पत्र्याची लांब नळी असते. त्या ती खळखळ वाजवत गर्दीतून येतात, नळीचं झाकण उघडून त्यातल्या गुंडाळीतून बोटाएवढं तिकीट फाडून देतात आणि सुटे पैसे त्याच नळीत टाकतात. जुन्या एसटीतल्या कंडक्टरच्या पंचाची टिकटिक आठवणाऱ्याला ही खूण लगेच कळेल. वीस-वीसच्या नोटा जवळ ठेवा, हजाराची नोट काढली तर सगळी रांग खोळंबते. ‘था चांग’ धक्क्याला उतरा, अर्ध्या तासाचा प्रवास. बाजारातून बाहेर पडून सरळ चालत राहिलं की पाच-सात मिनिटांत उजव्या हाताला ते खरं दार. बोट धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट टेकते, दोर बांधायच्या आतच माणसं उड्या मारतात. गुडघे दुखणाऱ्यांना आधीच मागच्या दारापाशी उभं करा.

धक्क्यावरही ‘सार्वजनिक बोट आज नाही’ म्हणून हजार-दीड हजार बाटांची लांब शेपटीची खासगी बोट दाखवणारे आहेत. तीच युक्ती, फक्त पाण्यावरची. पलीकडच्या काठावरच्या ‘वाट अरुण’ या देवळाला जायला था तियेन धक्क्यावरून नदी ओलांडणारी होडी पाच बाटात मिळते.

कपड्यांवरून परत पाठवतात, हेही आधी कळायला हवं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली की झालं, या भरवशावर राहू नका. फाटक्या जीन्स नाहीत, घट्ट लेगिंग नाही, पुरुषांना हाफ पँट नाही. बाह्यांचा पंजाबी ड्रेस किंवा बाह्यांच्या ब्लाउजची साडी उत्तम. नाहीतर समोरच्या दुकानात लुंगीसारखं कापड दुप्पट भावानं घ्यावं लागतं. सकाळी साडेआठलाच पोहोचा. दहानंतर बसगाड्या भरभरून गट येतात, फरशी तापते आणि देवळाबाहेर काढलेल्या चपला शोधताना पाय भाजतात.

आता विमानतळ. सुवर्णभूमीला उतरायच्या आधीचं काम म्हणजे डिजिटल आगमन कार्ड. 1 मे 2025 पासून ते प्रत्येक परदेशी प्रवाशाला सक्तीचं आहे. उतरण्याच्या दिवसाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, पूर्ण फुकट. शोधलं की वरच्या ओळींत पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं येतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट टीएच’ असतं, तेवढं पाहा. काही एजंट हे कार्ड भरायचे माणशी हजार रुपये लावतात. ते देऊ नका, पासपोर्ट समोर घेऊन बसलं तर दहा मिनिटांचं काम आहे. व्हिसाशिवाय किती दिवस राहता येतं हा नियम बदलत आला आहे, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या पानावर पाहून घ्या. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून न्या, मोबाइल ऐनवेळी बंद पडतो.

बाहेर येताच ‘टॅक्सी? टॅक्सी?’ म्हणत जवळ येणाऱ्यांकडे बघू नका. एक मजला खाली, पहिल्या मजल्यावर, यंत्राचं बटण दाबून चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर जो क्रमांक, त्या खांबाशी उभी असलेली टॅक्सी तुमची. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, तक्रार करायची झाली तर तीच पुरावा. मीटर 35 बाटांपासून सुरू होतो, वर विमानतळाचे 50 बाट आणि वाटेतले टोल. हे कायदेशीर आहे. ‘मीटर नाही, सातशे’ म्हणाला तर उतरा आणि दुसरी चिठ्ठी घ्या. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी: साध्या टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असते, त्यामुळं चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा बसतच नाहीत. ड्रायव्हर मग दोन टॅक्स्या करायला लावतो. चौघं असाल तर आधीच मोठ्या गाडीच्या रांगेत जा.

दोघंच असाल तर तळघरातून सुटणारी रेल्वे घ्या. शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंत 45 बाट आणि अर्धा तास. आपल्याकडचे लोक बहुतेक प्रतूनामला राहतात, त्यांनी एक स्टेशन आधी राचप्रारोपला उतरावं. तिथून फुटपाथ उखडलेला आहे, चाकांची बॅग ओढताना हात दुखतो. त्याच तळघरात, रेल्वेच्या दाराजवळ, पैसे बदलायच्या छोट्या खिडक्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या बँकांपेक्षा तिथं भाव स्पष्टपणे चांगला मिळतो. रुपये नेऊ नका, डॉलर न्या, नव्या न दुमडलेल्या शंभरच्या नोटा. एटीएममधून काढले तर दर वेळी दोनशेहून जास्त बाट फी पडते, आणि यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारतं, तिथं नाही म्हणायचं. हो म्हटलं की भाव त्यांच्या मर्जीचा.

कार्डावरचा परदेशी वापर आपल्या बँकेच्या ॲपमध्ये सुरू करावा लागतो. हे साताऱ्यातच करा, कारण ओटीपी आपल्या सिमवर येतो आणि तिथं ते सिम मुकं असतं. टॅक्सी बोलवायचं ‘ग्रॅब’ हे ॲपही घरूनच नोंदवून जा. शहरात रस्त्यावरची टॅक्सी मीटरला नाही म्हणाली की ग्रॅबवर भाडं आधी दिसतं, वाद संपतो. भुयारी मेट्रोत कार्ड टेकवून जाता येतं. स्कायट्रेनचं तिकीट वेगळं, आणि असोकसारख्या ठिकाणी एकातून दुसरीत जाताना बाहेर पडून नव्यानं पैसे भरावे लागतात. एकच तिकीट चालेल असं समजून फाटकात अडकणारे खूप आहेत.

माळकऱ्यांच्या जेवणाचं. ‘व्हेज’ म्हटलं की मान डोलावतात आणि आंबवलेल्या मासळीचं खारट पाणी, म्हणजे ‘नाम प्ला’, घालतात. त्यांच्या हिशेबी ते मांसाहार नव्हे, मीठ आहे. खरा शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की तिथं मांस, मासे, अंडं, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल असं. ‘किन जे’ म्हणा, लगेच कळतं. फाहुरातला गुरुद्वारा आहे, तिथला लंगर आणि आसपासची पंजाबी हॉटेलं हा दुसरा आधार. प्रतूनामच्या भारतीय हॉटेलांत मात्र साध्या डाळभाताचा भाव ऐकून बसा.

वाट फोमधला 46 मीटरचा पहुडलेला बुद्ध, शनिवार-रविवारचा चतुचाक बाजार, संध्याकाळची नदी: छान आहे, आपापलं बघा.

अडलं तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155, इंग्रजी बोलतात. टॅक्सीची तक्रार 1584 वर. मुंबईला रात्री उतरत असाल तर साताऱ्याची गाडी आदल्या दिवशीच ठरवा आणि भाडं टोल व पार्किंग धरून लिहून घ्या. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस विमानतळाबाहेर घासाघीस करू शकत नाही, आणि हे तिथल्या गाडीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.