क्रूझवर जाताना खिशात कुठले पैसे ठेवायचे

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "क्रूझला निघालोय, डॉलर घेऊ की युरो?" आणि तिघींनाही मी अर्धा-अर्धा तास तेच तेच सांगत बसले, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू, म्हणजे चौथीला लिंक पाठवता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पैशांच्या बाबतीत जहाज हा एक देश आहे आणि जहाज जिथे जिथे थांबणार ती बंदरं हे वेगळे देश. जहाजावर काय चालतं यावरून बंदरावर काय चालेल ते कळत नाही. आमची पहिल्या वेळेला चूक झाली ती नेमकी इथेच.

आमच्या बुकिंगच्या कागदावर लिहिलं होतं, ऑनबोर्ड करन्सी यूएस डॉलर. ते वाचून आम्ही रोख म्हणून फक्त डॉलर घेतले. रूट होता रोमजवळच्या सिव्हिताव्हेक्कियाहून निघून कोटोर, पिरेयस, सांतोरिनी, कुशादासी. म्हणजे नीट बघितलं तर एक तुर्कस्तान सोडलं तर सगळीकडे युरो! पण आम्ही म्हटलं डॉलर काय, डॉलर जगात कुठेही चालतो. नाही चालत. निदान सगळीकडे नाही चालत.

कोटोर हे माँटेनेग्रोमधलं बंदर. देश युरोपियन युनियनमध्ये नाही, पण २००२ पासून तिथलं चलन युरोच आहे, स्वतःचं वेगळं चलनच नाही. आम्ही सकाळी टेंडर बोटीने (जहाज धक्क्याला लागत नाही तिथे किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट) उतरलो आणि तिथून पेरास्तला गेलो, कारण आईला तिथल्या खाडीतलं ते छोट्या बेटावरचं चर्च बघायचं होतं, महिनाभर ती फोटो दाखवत होती. धक्क्यावर एक साठीतला नावाडी बसला होता, मांडीवर पत्र्याचा चौकोनी डबा, त्यात नाणी आणि दुमडलेल्या नोटा. आईने वीस डॉलरची नोट पुढे केली. त्याने ती घेतली, उन्हाकडे धरून बघितली, बोटांनी सरळ केली आणि अगदी नीट, आदराने तिच्या हातात परत ठेवली. "युरो," एवढंच म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नाही, तो ती नोट घेऊन बदलायला कुठे जाणार होता! मागची माणसं एकेक करून होडीत चढली, होडी सुटली आणि आम्ही धक्क्यावर. टेंडरची शेवटची वेळ डोक्यावर होती म्हणून एटीएम शोधत न बसता कोटोरला परत फिरलो. आईचं ते बेट राहिलं ते राहिलंच. ही गोष्ट मला अजून लागते, खरंच सांगते, कारण फक्त दहा-वीस युरो हातात असते तर सगळं झालं असतं.

पुढे कोटोरच्या एटीएमवर दुसरा धडा मिळाला. त्या दिवशी दोन जहाजं आली होती त्यामुळे ही मोठी रांग, ऊन, मागे लोक उभे, आणि स्क्रीनवर प्रश्न आला की तुमच्या कार्डच्या चलनात रक्कम दाखवू का, रेट एवढा एवढा, हो किंवा नाही. आपल्या चलनातला आकडा दिसला की बरं वाटतं, समजतं किती गेले ते, म्हणून मी "हो" दाबलं. ते दाबायचं नसतं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. त्यात रेट तुमची बँक लावत नाही, ते एटीएमवाले किंवा दुकानाच्या मशीनवाले लावतात आणि त्यात त्यांचं मार्जिन असतं. कायम त्या देशाचंच चलन निवडा, एटीएमवर "विदाउट कन्व्हर्जन" किंवा "डिक्लाइन" असं काहीतरी लिहिलेलं असतं ते दाबा, डिक्लाइन वाचून घाबरायला होतं की व्यवहारच रद्द होईल पण तसं नाही होत, पैसे येतात, फक्त रेट तुमच्या बँकेचा किंवा कार्ड नेटवर्कचा लागतो. दुकानात मशीन तुमच्याकडे न फिरवता दुकानदारच परस्पर बटण दाबतो कधी कधी, म्हणून पावती बघा आणि आपलं चलन दिसलं तर तिथल्या तिथे सांगा की कॅन्सल करून लोकल करन्सीत परत करा.

आता जहाजाचं बघू. जहाजावर रोख जवळजवळ लागतच नाही. चेक-इनला एक की-कार्ड मिळतं, खोलीची चावी पण तेच आणि पाकीट पण तेच, कॉफीपासून स्पापर्यंत सगळं त्यावर चढत जातं आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डवरून वळतं होतं. हे खातं कुठल्या चलनात ते कंपनीवर आणि भागावर ठरतं. अमेरिकन कंपन्यांची जहाजं भूमध्य समुद्रात फिरत असली तरी हिशोब बहुधा डॉलरमध्येच. एमएससीचं जहाज भूमध्यात असेल तर युरो, तेच कॅरिबियनमध्ये असेल तर डॉलर. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसवर पाउंड. तेव्हा मैत्रिणीचा अनुभव विचारू नका, स्वतःच्या बुकिंगचे कागद बघा. दर दिवसाची माणशी टिप पण त्याच खात्यात आपोआप लागते (तुम्ही आधीच भरली नसेल तर), म्हणून टिपसाठी म्हणून गठ्ठा नेऊ नका, कुणाला वरून प्रेमाने द्यायचंय तेवढ्या चार नोटा पुरे.

इथे कार्डाबद्दल एक महत्त्वाचं. जहाजाचं खातं डेबिट कार्डाला किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्डाला जोडू नका. जहाजवाले खर्चाचा अंदाज धरून कार्डवर रक्कम अडवून ठेवतात, होल्ड म्हणतात त्याला. क्रेडिट कार्डवर ते फक्त लिमिटमधून जातं, पण डेबिट किंवा प्रीपेडवर तुमचे खरे पैसे अडकतात, आणि क्रूझ संपली तरी ते सुटायला बरेच दिवस लागू शकतात. फॉरेक्स कार्ड बंदरावर वापरायला ठेवा आणि क्रेडिट कार्ड जहाजाला द्या. क्रेडिट कार्ड नसेल तर बऱ्याच जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसच्या डेस्कवर रोख डिपॉझिट भरता येतं, तेव्हा मात्र जहाजाच्याच चलनात रोख न्यावी लागते, तेवढा एक अपवाद.

बरं मग आमचं डॉलर नेण्यात नक्की नुकसान कुठे झालं? दोनदा झालं. आधी आपलं चलन देऊन डॉलर घेतले तिथे एकदा मार्जिन गेलं, मग ते डॉलर देऊन युरो घेतले तिथे दुसऱ्यांदा. जहाजावर पण पैसे बदलून देतात पण तिथला रेट फार वाईट असतो, आणि जहाजावरचं एटीएम बहुतेक जहाजाच्याच चलनात नोटा देतं, वर फी. म्हणून जे शेवटी खर्च होणार तेच चलन पहिल्यांदाच घ्यायचं, मधे तिसरं चलन आणायचं नाही, माझ्या मते या सगळ्या प्रकरणात यापेक्षा मोठा नियम नाही.

आता भागाभागाचं थोडं, जेवढं मला नीट माहीत आहे तेवढं.

भूमध्य समुद्र म्हणजे युरो घ्या आणि निवांत राहा. इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस, माल्टा सगळीकडे तोच, आणि क्रोएशियातही १ जानेवारी २०२३ पासून युरो आहे, त्यामुळे दुब्रोवनिकसाठी कुना घ्या असं सांगणारा जुना लेख सापडला तर सोडून द्या. तुर्कस्तानात लिरा, पण कुशादासीला बंदराजवळच्या दुकानांत किमती युरोमध्येच सांगतात आणि एका दिवसाच्या उतरण्यासाठी लिरा घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, कार्ड चालतं. तिथे मशीनवर लिराच निवडा, डीसीसीचं वर सांगितलं तेच.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड, चारही ठिकाणी क्रोन-क्रोना अशा सारख्या नावांचं चलन, पण चारही वेगवेगळी, एकाचं दुसरीकडे चालत नाही. आणि गंमत म्हणजे त्या भागात रोख लागतच नाही, फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीवरच्या लहानशा गावात टॉयलेटचा दरवाजासुद्धा कार्ड टेकवून उघडतो. तिकडे जाताना एक पैसा बदलू नका, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या.

कॅरिबियनमध्ये अमेरिकन डॉलर जवळपास सगळीकडे घेतात, पण तिथे वेगळाच घोळ आहे, कारण स्थानिक चलनांची नावंही डॉलरच. बहामाचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन. अँटिग्वा, सेंट लुशिया, ग्रेनाडा वगैरे बेटांचा मिळून ईस्टर्न कॅरिबियन डॉलर आहे, तो १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. आणि केमन बेटांचा डॉलर तर अमेरिकन डॉलरपेक्षा जड! सरकारी दर १.२० आणि दुकानात बहुतेक १.२५ धरतात, म्हणजे पाटीवर १० डॉलर वाचून तुम्ही खूश झालात तर हातातून साडेबारा जाणार. त्यामुळे टॅक्सीत बसायच्या आधी आकडा विचारायचा आणि लगेच दुसरा प्रश्न, कुठला डॉलर? हे विचारायला अजिबात लाजू नका, तिथल्या ड्रायव्हरना सवय असते. मोठी नोट दिली तर सुटे स्थानिक चलनात परत येतात आणि ते संध्याकाळी जहाज सुटलं की तुमच्या काही कामाचे नसतात, म्हणून एक आणि पाचच्या नोटांचा गठ्ठा न्या. सेंट मार्टिन बेटाच्या फ्रेंच भागात मात्र अधिकृत चलन युरो आहे.

आग्नेय आशियाच्या क्रूझला सिंगापूर डॉलर, मलेशियाचा रिंगिट, थायलंडचा बात असं तीन-चार दिवसांत तीन चलनं येतात. तिथे बाजारात, टुकटुकला, होडीला रोख लागते. प्रत्येक बंदरासाठी फक्त दिवसभराचं घ्या. ब्रुनेईला थांबा असेल तर एक सोय आहे, सिंगापूर डॉलर आणि ब्रुनेई डॉलर १९६७ पासून एकास एक चालतात.

ब्रिटनच्या आसपास जाणार असाल तर गर्न्सी आणि जर्सी या बेटांचं लक्षात ठेवा. तिथे ब्रिटिश पाउंड चालतो, पण सुटे म्हणून हातात येतात त्या तिथल्या स्वतःच्या नोटा, एक पाउंडची कागदी नोटसुद्धा मिळते. दिसायला छान असतात पण पुढे इंग्लंडच्या दुकानात त्या घेत नाहीत. "इंग्लिश नोट्स प्लीज" म्हटलं तर असतील तर देतात, नाहीतर तिथेच खर्च करून टाका.

अजून एक जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्या बंदरावर जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर बोटीने उतरवतात, तिथला थांबा वारा जोरात असेल तर रद्द होऊ शकतो. गर्न्सी, सांतोरिनी ही तशीच बंदरं. फक्त त्या एका बंदरात चालणारं चलन आधीच विकत घेतलं आणि कॅप्टनने सकाळी अनाउन्समेंट केली की आज उतरता येणार नाही, तर ते सगळं तसंच घरी येतं. म्हणून कार्यक्रमपत्रिका घेऊन बसा, कुठलं चलन किती बंदरांत लागतंय ते मोजा, जे दोन किंवा जास्त बंदरांत लागतंय ते घरून घ्या, जे एकाच बंदरात ते तिथे उतरल्यावर बघा.

किती घ्यायचं? मी आता असं धरते: प्रत्येक बंदराला जाऊन-येऊन टॅक्सीचे, एका होडीचे किंवा तिकिटाचे, पाणी, आणि टॉयलेटची नाणी. बाकी कार्ड. युरोत ५, १० आणि २० च्याच नोटा मागून घ्या, शंभर-दोनशेची नोट छोट्या दुकानात कुणी घेत नाही, ५०० ची तर नवी द्यायचीच २०१९ मध्ये बंद झालीय. डॉलरच्या नोटा स्वच्छ घ्या, फाटलेली, पेनने लिहिलेली, शिक्का मारलेली नोट आशियातले मनी चेंजर सरळ परत करतात. पैसे बदलून देणाऱ्याच्या काउंटरवरच नोटा तपासा, तिथून उठल्यावर कुणी ऐकत नाही.

आणि ओटीपी! समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर असतो, जहाजाच्या वायफायवर बँकेचा एसएमएस बहुधा येत नाही. फॉरेक्स कार्डात पैसे भरणं, कार्डची लिमिट वाढवणं, परदेशी वापर चालू करणं, ही सगळी कामं निघायच्या आधी घरी बसून उरका. पिनही पाठ करा, टॅप होत नसेल तिथे मशीन पिनच मागतं. आणि दुसरं कार्ड बरोबर घेऊन उतरू नका, केबिनच्या तिजोरीत ठेवा.

उरलेल्या पैशांचं सांगते. नाणी बहुतेक ठिकाणी बदलून मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या बंदरात आधी नाणी संपवा. जहाजाच्या चलनातल्या नोटा उरल्या असतील तर बऱ्याच जहाजांवर त्या डेस्कवर भरून खात्यातून वळत्या करता येतात, आम्ही ते परत आणलेले डॉलर असेच संपवले. फक्त शेवटच्या रात्री जाऊ नका, त्या दिवशी सगळं जहाज बिलाचा कागद हातात घेऊन त्या रांगेत उभं असतं, आदल्या दिवशी दुपारी लोक पोहायला गेलेले असतात तेव्हा जा, पाच मिनिटांत होतं. तेव्हाच बिलाची एकेक ओळ वाचून घ्या, आमच्या खात्यात दुसऱ्याच केबिनचे फोटो चढले होते, डेस्कवरच्या मुलीने लगेच काढून दिले.

पुढच्या वर्षी आईला घेऊन परत कोटोरला जायचं ठरतंय. या वेळी तिने स्वतःच्या पर्समध्ये एक छोटी चेनची पाउच वेगळी केलीय, त्यात दहाच्या दोन आणि पाचच्या चार युरोच्या नोटा, वर चिठ्ठी लावलीय, "होडी".