गेर्डाला कोणी अडवले

लहानपणी ज्या चित्रपटाने वेड लावले तो मोठेपणी पुन्हा पाहावा, की आठवणीतच राहू द्यावा, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात मी मुलांसाठी चित्रपट दाखवते आणि दर हिवाळ्यात ‘हिमराणी’ हा १९५७ सालचा सोव्हिएत ॲनिमेशनपट त्यात आवर्जून ठेवते. त्या दिवशी मुलांना सोडायला आलेले पालक दारातच थांबतात. कोणी हाच चित्रपट शाळकरी वयात पाहिलेला असतो, कोणाचा जीव दुसऱ्याच एखाद्या परीकथेत अडकलेला असतो, पण धास्ती सगळ्यांची सारखीच असते: पुन्हा पाहिला आणि तो अगदीच साधा, जुनाट निघाला तर? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. पाहावा. निदान हा चित्रपट तरी नक्की पाहावा, कारण त्यातला मोठा भाग मोठ्या माणसांनाच कळण्याजोगा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाची ‘हिमराणी’ डिसेंबर १८४४मध्ये प्रसिद्ध झाली. गेर्डा आणि काइ ही शेजारशेजारच्या माळ्यांवर राहणारी दोन मुले आहेत. जादूच्या आरशाची कुसळे काइच्या डोळ्यात आणि काळजात रुततात, त्याचा स्वभाव पार पालटतो, हिमराणी त्याला उत्तरेकडच्या आपल्या महालात घेऊन जाते आणि गेर्डा एकटीच त्याच्या शोधात निघते. मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या स्टुडिओत लेव्ह अतामानोव्ह यांनी या कथेवर साधारण तासाभराचा चित्रपट केला. याच अतामानोव्ह यांनी तीन वर्षे आधी, १९५४मध्ये, भारतीय लोककथांच्या आधारे एक चित्रपट केला होता. त्यात खुरांनी सोन्याची नाणी उधळणारे हरिण आहे आणि एक लोभी राजा आहे, ज्याने ‘पुरे’ म्हटले की सगळ्या सोन्याची खापरे होणार असतात. आपल्याकडच्या मुलांना तोही दाखवावा असाच आहे.

मी ‘हिमराणी’ पहिल्यांदा पाहिला तो ऐंशीच्या दशकात. त्या काळी मराठीत भाषांतर झालेली सोव्हिएत पुस्तके, मोठमोठ्या चित्रांची आणि अतिशय स्वस्त, आमच्यासारख्या अनेक घरांत असत. त्यामुळे बर्फ, अस्वले आणि लाकडी घरे यांच्याशी आमची चांगली ओळख होती. गावच्या वाचनालयाच्या सभागृहात पांढरा पडदा लावून चित्रपट दाखवला गेला. संवाद रशियन होते आणि एक गृहस्थ पडद्याशेजारी उभे राहून आम्हाला मराठीत गोष्ट सांगत होते. त्या वयात मनात राहिली ती फक्त राणी: डोक्यावर टोकेरी मुकुट, मोठे डोळे आणि जराही न हलणारा चेहरा. पुढे कित्येक वर्षे थंडीत खिडकीची झडप वाजली की मला तीच आठवत असे.

मोठेपणी पुन्हा शोधायला गेले तेव्हा हाती आधी आली ती अमेरिकी प्रत. हा चित्रपट १९५९मध्ये अमेरिकेत इंग्रजी आवाज देऊन प्रदर्शित झाला आणि त्याच्या आरंभी जिवंत माणसांची एक नाताळी प्रस्तावना जोडण्यात आली. चित्रे तीच होती, तरी काही तरी हुकले होते. मूळ रशियन प्रत मिळाल्यावर उलगडा झाला. मूळ गेर्डाचा आवाज यानिना झेइमो या अभिनेत्रीचा आहे. १९४७च्या सोव्हिएत ‘सिंड्रेला’ चित्रपटाची ती नायिका, जन्म १९०९चा, म्हणजे गेर्डासाठी बोलताना ती पन्नाशीला आली होती. त्या आवाजात लाडिकपणा अजिबात नाही. रस्त्यात भेटेल त्याला गेर्डा ‘काइला पाहिलंत का?’ एवढेच विचारते, पण ते अशा सरळपणे विचारते की समोरच्याला खोटे बोलता येऊ नये. भाषा न कळताही हे ऐकू येते, म्हणून मुलांनाही मी रशियन प्रतच दाखवते आणि खालची अक्षरे मोठ्याने मराठीत वाचते.

आता राणीविषयी. तिची भीती का बसली होती याचे उत्तर मला तिच्या घडणीत सापडले. चित्रपटातली मुले, आजी, कावळा, लुटारू ही सारी चित्रकारांच्या हातून आलेली माणसे आहेत. त्यांचे गाल फुगतात, हात लांबतात, चालीत उसळी असते. राणीसाठी मात्र मारिया बाबानोवा या नामवंत रंगभूमी अभिनेत्रीकडून अभिनय करवून त्याचे चित्रीकरण केले गेले आणि त्यातल्या एकेका चौकटीवरून राणीच्या हालचाली रेखाटल्या गेल्या. आवाजही बाबानोवा यांचाच. या पद्धतीत काढलेले पात्र पुष्कळदा जड वाटते, आणि त्या काळच्या सोव्हिएत चित्रपटांत ती इतकी सरसकट वापरली गेली की तिचा कंटाळा यावा. येथे मात्र तो जडपणाच कामी आला आहे. राणी मान वळवते तेव्हा एका खऱ्या बाईच्या मानेचे वजन त्या वळण्यात असते, आणि तिच्यापुढे उभा असलेला काइ रेषांनी बनलेला असतो. दोघे एकाच चौकटीत असून एका जगातले नाहीत, हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता जाणवते. लिओनिद श्वार्त्समन आणि अलेक्सांद्र विनोकुरोव्ह हे या चित्रपटाचे कलादिग्दर्शक. पुढे श्वार्त्समन यांनीच चेबुराश्का या मोठ्या कानांच्या, मायाळू प्राण्याला रूप दिले. एकाच हाताला इतकी ऊब आणि इतका गारठा दोन्ही साधावेत याचे मला फार कौतुक वाटते.

तरीही मोठेपणी या चित्रपटाने मला धरून ठेवले ते राणीमुळे नाही. गेर्डाला वाटेत अडवते कोण, याकडे एकदा नीट लक्ष द्या. परीकथेत सहसा राक्षस आडवा येतो. येथे पहिली आडवी येते ती फुलांच्या बागेत राहणारी एक प्रेमळ म्हातारी. अशी एक मुलगी आपल्याला असावी ही तिची जुनी इच्छा असते. ती गेर्डाला नदीतून काठावर घेते, खाऊ घालते, तिचे केस विंचरते, आणि कंगवा फिरत जातो तशी गेर्डा काइला विसरत जाते. मूळ कथेत म्हातारी त्याच वेळी बागेतले सगळे गुलाब जमिनीत लपवून टाकते, कारण गुलाब दिसला तर मुलीला घर आठवेल. तिच्या मनात कपट नाही. मुलीने राहावे एवढेच तिला हवे आहे आणि त्यासाठी मुलीने काय विसरायचे हे ती परस्पर ठरवून टाकते.

लहानपणी हा प्रसंग मला गोड वाटला होता. पुन्हा पाहिला तेव्हा माझी मुलगी शिकायला परराज्यात निघण्याच्या तयारीत होती. ‘जवळच काही मिळते का बघू या’ हे वाक्य आमच्या घरात त्या दिवसांत वारंवार उच्चारले जात होते. तिच्या आवडीचे पदार्थ रोज होत होते, तिची खोली नव्याने लावायचे घाटत होते. पडद्यावर कंगवा फिरू लागला आणि मी जागच्या जागी ताठ बसले. कुणाला जिव्हाळ्याने बांधून ठेवणे कसे दिसते, हे मला इतक्या स्वच्छपणे कुठल्याही मोठ्यांच्या चित्रपटाने दाखवलेले नाही.

त्यानंतर येते लुटारूंची मुलगी, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची खरी नायिका. तिला माया करायची एकच रीत ठाऊक आहे: जे आवडले ते दोरीने बांधून ठेवायचे. तिचे रेनडिअर बांधलेले आहे, बाकीचे प्राणी बांधलेले आहेत, आणि गेर्डाही आवडली म्हणून तिलाही ठेवूनच घ्यायचे तिने ठरवलेले असते. मूळ कथेत ती झोपतानासुद्धा एक हात गेर्डाच्या गळ्यात टाकते आणि दुसऱ्या हातात सुरा धरते. पण गेर्डाची हकिकत ऐकून, आणि रेनडिअरला उत्तरेची वाट माहीत आहे हे कळल्यावर, तीच मुलगी स्वतःच्या हाताने दोर सोडते. चित्रपटात ती आधी चिडते, दटावते, मग दोघांना वाटेला लावते आणि शेवटी तिला रडू कोसळते. आपल्याला काय होते आहे हे तिचे तिलाच उमगत नाही. या अर्ध्याएक मिनिटासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा पाहू शकेन.

अँडरसनने येथे एक बारकावा लिहिला आहे, जो मला चित्रपटातल्या आसवांइतकाच मोलाचा वाटतो. निरोप देताना लुटारूंची मुलगी गेर्डाला तिचे केसाळ बूट परत करते, पण हात उबदार ठेवायची फरची मफ मात्र स्वतःकडेच ठेवते, कारण ती फारच सुंदर आहे. त्याऐवजी ती आपल्या आईचे कोपरापर्यंत येणारे भलेमोठे हातमोजे गेर्डाच्या हातांत चढवते. माणूस बदलतो तो असाच, एका रात्रीत पुरता उदार होत नाही. प्राण सोडवतो आणि मफ ठेवून घेतो. मुलांना हे सांगितले की ती खदखदून हसतात आणि त्यांना ते अगदी रास्तही वाटते.

या दोघींच्या पुढे राणीला ठेवून पाहिले म्हणजे तीही वेगळी दिसू लागते. तीही काइला ठेवूनच घेते आहे. फरक इतकाच की म्हातारी आणि लुटारूंची मुलगी यांना गेर्डा हवीहवीशी वाटते, तर राणीला काही वाटतच नाही. कथेत काइ भिंगातून हिमकण पाहतो आणि खऱ्या फुलांपेक्षा हे कितीतरी सरस, यांत एकही दोष नाही, असे म्हणतो. राणीच्या महालात तो स्वतःच असा निर्दोष आणि गार होत जातो. त्याला सोडवायला गेर्डाजवळ शस्त्र नाही, मंत्र नाही. रेनडिअर फिनलंडच्या शहाण्या बाईला विनवते की हिला काही शक्ती दे, तेव्हा ती सांगते की हिच्याजवळ आहे त्याहून मोठी शक्ती मी देऊ शकत नाही, माणसे आणि प्राणी हिच्या मदतीला कसे धावतात ते तुला दिसत नाही का? लहानपणी मला हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली होती. आता मोजून पाहा: कावळा, राजकन्या, रेनडिअर, वाळलेल्या माशावर निरोप लिहून देणारी लॅपलंडची बाई. यांतल्या कोणीही गेर्डाला स्वतःजवळ ठेवून घेतलेले नाही. प्रत्येकाने तिला पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचवले आहे.

चित्रपटाने मूळ कथेत बदलही केले आहेत आणि ते सगळेच मला पटलेले नाहीत. अँडरसनच्या कथेतल्या प्रार्थना आणि देवदूत सोव्हिएत चित्रपटात नाहीत, हे समजण्यासारखे आहे. त्यांच्यावाचून गेर्डाची वाट अधिकच एकाकी होते आणि माझ्या मते चित्रपटाला ते मानवते. आरशाचे मात्र नुकसान झाले. कथेत तो एका दुष्ट सैतानाचा आरसा आहे, तो आकाशात फुटतो आणि त्याची कुसळे जगभर उडून कुणाच्याही डोळ्यात जातात. काइचा त्यात काही दोष नसतो. चित्रपटात काइ थट्टेने म्हणतो की हिमराणी आली तर तिला तापल्या शेगडीवर बसवीन, ती वितळून जाईल. ते ऐकून राणी संतापाने स्वतःचा आरसा फोडते आणि कुसळे त्याच्याकडे धाडते. प्रसंग पडद्यावर जबरदस्त उतरला आहे, पण दुःखाचे खापर मुलाच्या एका वाक्यावर फुटते, हे मला बोचते. कारण नसताना एखाद्याच्या मनात कुसळ शिरते, ही अँडरसनची कल्पना जास्त खरी आहे, आणि मुलांनाही ती कळते.

या चित्रपटाने मोठ्या माणसांवर केलेला परिणाम केवळ माझ्यापुरता नाही. जपानचे ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी तरुणपणी तोएई स्टुडिओत काम करत असताना या व्यवसायात राहावे की नाही या विचारात होते. तेव्हा कामगार संघटनेने आयोजित केलेल्या खेळात त्यांनी ‘हिमराणी’ पाहिला आणि ॲनिमेशन सोडायचे नाही असे ठरवले, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. २००७ मध्ये त्यांच्या जिब्ली संग्रहालयाच्या पुढाकाराने हा चित्रपट जपानमध्ये पुन्हा प्रदर्शितही झाला. त्यांच्या चित्रपटांत एकट्या निघालेल्या, वाटेत शत्रूंनाही आपलेसे करणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा मला गेर्डाचे अनवाणी पाय आठवतात.

आता पाहायचे कसे, तेवढे सांगते, कारण दुसरा प्रश्न नेहमी तोच असतो. मूळ रशियन आवाजाची प्रत घ्या आणि ती डागडुजी केलेली असेल तर उत्तमच. त्याशिवाय महालातल्या निळ्या-हिरव्या छटा उठत नाहीत. मोबाइलवर पाहू नका, घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर पाहा. मुलांना बरोबर घ्या, पण मध्ये थांबवून समजावत बसू नका, ती सगळे धागे आपोआप जुळवतात. आरशाच्या प्रसंगी एखादे लहान मूल घाबरले तर त्याला मांडीवर घ्या, मात्र चित्रपट बंद करू नका, कारण लुटारूंची मुलगी अजून यायची आहे.