गेरूवरचे पाणी

मे महिन्याच्या अखेरीस माण तालुक्यातील निरीक्षण विहिरींची पातळी मोजायला निघालो असता सहकाऱ्याने गाडीत विचारले, दोन वर्षांची भरपगारी रजा आणि लागेल तेवढा पैसा मिळाला, तर कोणते पुस्तक लिहाल? भूवैज्ञानिक म्हणून २२ वर्षे काम केल्यामुळे उत्तर तयार होते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग ज्या बेसॉल्टने, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या पाषाणाने, व्यापला आहे, त्यातील भूजलावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत पाठ्यपुस्तक लिहायचे. दुपारी तिसऱ्या विहिरीवर पोहोचेपर्यंतच ते टिकले.

ती विहीर सात परस, म्हणजे साधारण सात पुरुष, खोल होती आणि ऐन मेमध्ये तिच्यात कमरेएवढे पाणी होते. साठ पावलांवर त्याच शेतकऱ्याने आदल्या वर्षी घेतलेली ३०० फुटांची बोअर मात्र कोरडी होती. खालच्या कठीण पाषाणात भेगा नसतील, असे मी त्याला सांगत होतो. तेवढ्यात १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात विहिरी खोदलेले एक तात्या काही न बोलता पायऱ्या उतरू लागले, आणि मीही त्यांच्यामागे गेलो. भिंतीवर हात फिरवत ते म्हणाले, "साहेब, हा मुरूम, हा मांजऱ्या, हा तडकलेला पाषाण आणि हा गेरू. पाणी गेरूवर बसून चालतं. बोअरवाल्यानं पाइप गेरूच्या खाली उतरवला, मग पाणी आत यायचं कुठनं?"

वर येऊन बोअरची पावती पाहिली, तर केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, ४५ फूट होते आणि विहिरीतला लाल थर ३८ फुटांवर होता. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला हा चिकणमातीचा थर पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरच्या भेगांतून झिरपलेले पाणी त्याच्यावर साचते, हे मी अनेक अहवालांत लिहिले आहे. तरीही पावती मागण्याचे मला सुचले नव्हते. पहारीचा आवाज बोदा झाला की गेरू जवळ आला हे कळायचे, असेही तात्यांनी सांगितले, आणि ते मात्र मी कोणत्याही अहवालात वाचलेले नव्हते.

परतताना मी सहकाऱ्याला नवे उत्तर दिले. शंभर जुन्या विहिरींचे पुस्तक करायचे. प्रत्येक विहिरीचा मोजून काढलेला उभा छेद, थरांना खोदणाऱ्यांनी दिलेली नावे, झरे कोणत्या खोलीवर व कोणत्या दिशेने येतात आणि पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, एवढे त्यात हवे. पैशाचा मोठा भाग गाडी व आरेखकापेक्षा या म्हाताऱ्या माणसांच्या रोजावर खर्च व्हावा, कारण विहिरीत उतरून ते जे दाखवतील त्याला मी माहिती नव्हे, काम मानतो. शिवाय त्यांतले बहुतेक आता सत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून पाठ्यपुस्तक थांबू शकते, हे थांबू शकत नाही.

रजा किंवा पैसा यांपैकी काहीच हाती नसताना त्या रात्री मी आलेखाच्या कागदावर पहिला छेद काढला आणि ३८ फुटांवरच्या थरापुढे तात्यांचाच शब्द लिहिला: गेरू.