एकसष्ट पैशांचा फरक

२०१९ सालच्या मार्चअखेरीस सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा सकाळी साडेआठलाच फोन आला. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळत नव्हती. फरक किती, असे विचारल्यावर त्यांनी जरा संकोचून सांगितले, "६१ पैसे." इतक्या रकमेसाठी पुण्याहून कुणी गाडी काढेल की नाही, अशी शंका त्यांच्या स्वरात होती. मी गाडी काढली, कारण हिशेबात हजार रुपयांचा फरक आला तर बहुधा एखादी नोंद राहिलेली असते आणि ती सापडते. काही पैशांचा फरक मात्र दर महिन्याला वेगवेगळा येत असेल तर खोट आकडे साठवण्याच्या पद्धतीत असते, असा माझा अनुभव आहे.

संस्थेचे सॉफ्टवेअर आमच्या कंपनीने लिहिलेले नव्हते. आठ-नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ते पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून करून दिले होते, नंतर तो माणूस दुसऱ्या नोकरीत गेला आणि देखभालीचे काम दोन हात फिरून आमच्याकडे आले होते. संस्थेत एक ज्येष्ठ लेखापाल होते, ज्यांना शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे अण्णा म्हणत. संगणक आल्यानंतरही अण्णांनी मुख्य खात्यांच्या शिलका स्वतःच्या वहीत हाताने लिहिणे सोडले नव्हते. मी पोहोचलो तेव्हा ती वही उघडून ते बसले होते.

"६१ ला ९ ने भाग जात नाही," ते मला म्हणाले. "म्हणजे अंकांची अदलाबदल झालेली नाही. नोंदीत चूक नाही. तुमच्या यंत्रातच बघा."

हा जुन्या हिशेबनिसांचा नियम मला तेव्हा नवीन होता, पण त्यामागचे गणित साधे आहे. ७३ च्या जागी ३७ लिहिले तर फरक ३६ येतो, ९१ च्या जागी १९ लिहिले तर ७२ येतो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. अण्णांनी सकाळीच ही शक्यता बाजूला काढली होती.

मी 'ठेवींवरील देय व्याज' हे खाते उघडले. वहीत शिल्लक १८,४६,२१२.३५ होती आणि संगणकात १८,४६,२१२.३८. मागील महिन्यांच्या शिलका एकाखाली एक काढल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. साडेदहा लाखांच्या वरच्या प्रत्येक शिलकेतले पैसे ००, १२, २५, ३८, ५०, ६२, ७५ किंवा ८८ एवढेच होते. शंभर शक्यतांपैकी फक्त आठ. अण्णांच्या वहीत मात्र ४१ पैसे होते, ०७ होते, ९३ होते, म्हणजे खऱ्या हिशेबात असतात तसे सगळ्या प्रकारचे आकडे होते.

तक्त्याची रचना पाहिली तेव्हा शिलकेच्या रकान्याचा प्रकार 'फ्लोट' निघाला. फ्लोट हा प्रकार मोजमापांसाठी केलेला आहे. तापमान, अंतर, वजन अशा गोष्टींत शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे झाला तरी चालते. त्यात संख्या द्विमान पद्धतीने ठेवली जाते आणि तिच्या अंकांसाठी २४ बिटांइतकीच जागा असते, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीतले साधारण सात अंक. १८,४६,२१२ लिहितानाच सात अंक संपतात आणि पैशांसाठी उरते ती जवळजवळ नावापुरती जागा. १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या पट्ट्यात फ्लोटला रुपयाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा बारीक काही लिहिताच येत नाही, आणि साडेबारा पैशांच्या पायऱ्या दोन दशांश स्थळांत दाखवल्या की वर दिलेले आठ आकडे मिळतात.

मी त्या माहितीची एक प्रत वेगळी काढून अण्णांना शेजारी बसवले आणि त्या खात्यात ५ पैसे जमा केले. शिल्लक १८,४६,२१२.३८ होती, तेवढीच राहिली. पुन्हा ५ पैसे जमा केले. तेवढीच. असे वीस वेळा केल्यावरही शिल्लक जागची हलली नाही, आणि एक संपूर्ण रुपया आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. प्रत्येक वेळी खरी बेरीज ४३ पैशांच्या आसपास येत होती आणि सर्वांत जवळची पायरी साडेसदतीसचीच असल्याने ती परत तिथेच घसरत होती. अण्णा काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "आणि हे नऊ वर्षं चाललंय?"

चालले होते, आणि ते चालवून घेण्याची सोयही झालेली होती. दर महिन्याअखेरीस जो काही फरक येई, तो 'किरकोळ उत्पन्न' किंवा 'किरकोळ खर्च' या खात्यावर टाकून तेरीज जुळवली जात असे. त्या वर्षी लेखापरीक्षकांनी या नोंदींचे कारण लेखी मागितले होते, आणि म्हणूनच मला फोन आला होता. अशा चुका मोठ्या संस्थांनाही चुकलेल्या नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ साली १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू केला आणि प्रत्येक सौद्यानंतर तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक जवळच्या आकड्याकडे न नेता नुसते छाटून टाकले. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला होता, तेव्हा योग्य हिशेबाने तो १०९८ च्या वर असायला हवा होता. तिथे कारण थोडे निराळे होते, पण क्षुल्लक वाटणारी घट रोज हजारो वेळा झाली की काय होते ते त्यातून दिसते.

उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलाच होता. रकमेसाठी 'डेसिमल' हा प्रकार वापरायचा, ज्यात अंक दशमान पद्धतीनेच आणि ठरवलेल्या दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत राहतात. मी एकूण पंधरा अंक आणि त्यांपैकी दोन दशांश असे ठेवले. काही जण सगळी रक्कम पैशांत करून पूर्णांक म्हणून ठेवतात. तेही बरोबर आहे, मात्र रुपयांचे पैसे करताना सावध राहावे लागते, कारण ब्राउझरमध्ये ४.३५ ला १०० ने गुणले की ४३५ न येता ४३४.९९९… येते आणि पुढे कुणी नुसता पूर्णांक घेतला की ४३४ हातात पडतात.

रकान्याचा प्रकार बदलल्याने जुनी चूक मात्र दुरुस्त होत नाही. चुकलेला ३८ तंतोतंत ३८ म्हणून कोरला जातो, इतकेच. शिलका नव्याने उभारायच्या तर मूळ व्हाउचरांपासून सुरुवात करणे भाग होते, आणि व्हाउचरांची रक्कमही फ्लोटमध्येच होती. सुदैवाने १,३१,०७२ रुपयांपर्यंतच्या रकमेत फ्लोटची चूक अर्ध्या पैशापेक्षा कमी असते, त्यामुळे दोन दशांशांपर्यंत आणली की मूळ रक्कम जशीच्या तशी परत मिळते. त्यापुढे खात्री देता येत नाही, १,३१,०७२.०१ टाकले की परत येताना १,३१,०७२.०२ येते. अशी मोठी व्हाउचरे काढली तर ती दोनशे चौदा भरली. ती कागदावरून तपासण्याचे काम अण्णांनी न सांगताच स्वतःकडे घेतले.

हे चालू असताना मी बाकीचे तक्तेही पाहून घेतले, आणि तिथे मला जे सापडले त्याने त्या रात्री झोप लागली नाही. सभासदांच्या तक्त्यात सर्वांचा मोबाइल क्रमांक एकच होता : २१४७४८३६४७. रकाना साध्या पूर्णांकाचा होता आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्याने त्यांतला एकही त्यात बसत नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून अशी संख्या मुळातच नाकारली जाते, पण सर्व्हर अद्ययावत करताना चुकांचे संदेश येऊ लागले म्हणून कुणीतरी तो कडक नियमच बंद करून ठेवला होता, आणि मग प्रत्येक क्रमांक मुकाट्याने कमाल मर्यादेवर आणून ठेवला जात होता. पिग्मी एजंटांच्या चार आकडी पिनचेही तेच. ०४२७ हा पिन ४२७ म्हणून साठला होता.

मी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "पिनची बेरीज कोण करतं का कधी? मग तो आकडा म्हणून कशाला ठेवायचा?" तक्ते कसे करावेत यावर मी बरीच व्याख्याने ऐकली आहेत, इतके नेमके वाक्य त्यांत आढळले नव्हते.

कर्मचाऱ्यांचे पासवर्ड त्यामानाने बरे ठेवलेले असतील अशी माझी समजूत होती, कारण ते उघडे नव्हते. 'एमडी५' या पद्धतीने त्यांचे हॅश करून ठेवले होते. हॅश म्हणजे दळण. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहायचा. पण एकाच गव्हाचे पीठ दरवेळी सारखेच निघत असेल तर दोन डबे शेजारी ठेवून गहू एकच आहे हे कळते. तेवीस कर्मचाऱ्यांपैकी नऊ जणांच्या नावापुढे तीच ती अक्षरे होती, 'ई१०एडीसी३९४९' अशी सुरू होणारी. या धंद्यात काही वर्षे काढलेल्या माणसाला ती पाहताक्षणी ओळखू येतात. तो १२३४५६ चा हॅश आहे.

याहून वाईट गोष्ट पुढे होती. पासवर्ड ताडून पाहणाऱ्या ओळीत दोन बरोबर-चिन्हांची सैल तुलना होती. पीएचपीमध्ये अशी तुलना करताना दोन्ही बाजूंना संख्येसारखे दिसणारे मजकूर आले तर ते संख्या म्हणूनच ताडले जातात. २४०६१०७०८ या पासवर्डचा एमडी५ हॅश शून्य, मग 'ई', आणि पुढे सगळे अंकच, असा येतो. म्हणजे पीएचपीच्या लेखी तो 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात', अर्थात शून्य. 'क्यूएनकेसीडीझेडओ' या सात रोमन अक्षरांचा हॅशही त्याच जातीचा आहे. मी चाचणीसाठी केलेल्या खात्याला पहिला पासवर्ड दिला आणि दुसरा टाकला. दार उघडले. शून्य बरोबर शून्य.

इथे माझ्याकडून चूक झाली. मार्चअखेरीला लॉगिनला हात लावू नये हे मला कळत असूनही मी त्याच रात्री पासवर्ड 'बीक्रिप्ट'वर न्यायचे ठरवले. ही पद्धत १९९९ साली मांडली गेली. ती प्रत्येक पासवर्डात वेगळे 'सॉल्ट', म्हणजे स्वैर निवडलेली अक्षरे, मिसळते, त्यामुळे नऊ जणांचा १२३४५६ नऊ निरनिराळ्या रूपांत साठतो. शिवाय ती मुद्दाम संथ आहे, आणि तिचा खर्चांक एकाने वाढवला की लागणारा वेळ दुप्पट होतो. मूळ पासवर्ड माझ्याकडे नव्हते आणि नसायलाच हवे होते, म्हणून जुन्या एमडी५ हॅशलाच बीक्रिप्टमध्ये गुंडाळले आणि ज्याचे त्याने पुढच्या वेळी लॉगिन केले की नव्याने हॅश होईल अशी सोय केली. पद्धत योग्य होती. मात्र बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो आणि पासवर्डचा रकाना एमडी५च्या मापाचा, ३२ अक्षरांचा होता. कडक नियम बंद असल्याचे संध्याकाळी मीच शोधून काढले होते, आणि तरीही उरलेली २८ अक्षरे कापली जातील हे रात्री माझ्या ध्यानात आले नाही.

शनिवारी सकाळी संस्थेतला एकही माणूस आत शिरू शकला नाही. काउंटरसमोर रांग, रोखपाल खोळंबलेले, आणि व्यवस्थापक मला विचारत होते, "निदान माझा पासवर्ड काय आहे तो तरी सांगा!" तो मला सांगता येत नाही आणि कुणालाच सांगता येऊ नये, हे त्यांना त्या क्षणी पटवणे अशक्य होते. रात्रीची प्रत होती म्हणून निभावले. जुने हॅश परत आणले, रकाना २५५ अक्षरांचा केला, कडक नियम पुन्हा सुरू केला, सैल तुलना काढली आणि पाऊण तासात दारे उघडली. एजंटांच्या पिनसाठी रकाना मजकुराचा केला आणि त्यांचेही हॅश केले, पण चार आकडी पिनच्या शक्यता मुळात दहा हजारच असल्याने खरे संरक्षण पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर यंत्र बंद करण्यात आहे, हे संचालकांना लेखी कळवले. रोखपालबाईंनी मराठी ओळच पासवर्ड म्हणून ठेवली तेव्हा त्यांना एक गोष्ट सांगावी लागली : बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच पाहते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे चोवीस चिन्हांपुढची ओळ वाया जाते.

रविवारी, ३१ तारखेला दुपारी सगळ्या शिलका व्हाउचरांवरून पुन्हा उभ्या केल्या. तेरीज जुळली, जमा आणि नावे दोन्ही बाजू पैशापर्यंत सारख्या. मी सुटकेचा श्वास टाकत होतो, तेवढ्यात अण्णांनी 'देय व्याज' खात्याची शिल्लक आपल्या वहीशी ताडून पाहिली आणि बोट ठेवले. वहीपेक्षा संगणकात २७ पैसे कमी होते.

माझ्या पोटात गोळा आला. अण्णा मात्र प्रसन्न दिसले.

"तीन नवे सत्तावीस," ते म्हणाले, आणि व्हाउचरांचा गठ्ठा पुढे ओढून अंगठ्याला पाणी लावले. वीस मिनिटांनी त्यांनी डिसेंबरमधला एक कागद माझ्यासमोर ठेवला. कागदावर ८५ पैसे होते, संगणकात कुणीतरी ५८ टाकले होते.